पडद्याची वाकळ

भोजनगृहाच्या भिंतीवरील वाकळ मूळची स्नेहसंमेलनाचा पडदा. महाडच्या चवदार तळ्याचे २० मार्च १९२७ चे दृश्य आम्हीच कॅनव्हासवर रंगविले होते. ओलीने रंग तडकला, तेव्हा तो कापून शिवायचे ठरले. तळ्यावर कात्री चालवताना हात थबकले. गुरुजी म्हणाले, भगवंतांनीही मगधातील शेतांचे बांध दाखवून आनंदाकडून तुकड्यांचे चीवर करविले.

खाली जुन्या लुगड्यांचे थर घातले. रंगातून सुई शिरेना. शिवाय कॅनव्हासला पडलेले भोक बुजत नाही, म्हणून टाका उसवण्याची सोय नव्हती. घरची वाकळ वसतिगृहात आणण्याची आम्हांस लाज वाटे. भेटीस आलेल्या एका सोबत्याच्या आईने सुई साबणात खोचली आणि पाण्याचा निळा तुकडा तिनेच शिवला. तिचा धावदोरा सरळ आहे. आमचा अजूनही वाकडा दिसतो.