ताईंचं देणं

बाबांचं शेवटचं आजारपण निभावलं ते ताईंमुळे. त्या आमच्या नात्यातल्या नव्हत्या. मुंबईच्या केईएममध्ये नर्स म्हणून उभी हयात घालवून निवृत्तीनंतर त्या रायपूरला, तात्यापाऱ्यात भावाकडे राहायला आल्या होत्या. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत झालेली तोंडओळख, एवढंच. पण बाबांचा तोंडाचा कॅन्सर पसरला, डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ताई दारात हजर!

दर दोन तासांनी कूस बदलायची. पाठीखालच्या चादरीला सुरकुती राहू द्यायची नाही. मिठाच्या कोमट पाण्यात बुडवलेल्या कापसानं तोंड पुसायचं. आणि मॉर्फिनची गोळी दुखायची वाट न बघता ठरल्या वेळी द्यायची. ही गोळी मिळवणं तेव्हा सोपं नव्हतं. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्याच्या धास्तीनं बहुतेक दुकानं ती ठेवतच नसत. औषधी मॉर्फिन मिळणं सोपं करणारी सुधारणा त्या कायद्यात झाली ती २०१४ साली. ताईंनी चिठ्ठ्या-शिक्क्यांसाठी भर उन्हात हेलपाटे घातले.

७ मार्च २०११ ला अरुणा शानबागच्या खटल्याचा निकाल लागला. अरुणा केईएमचीच नर्स, हल्ल्यानंतर वर्षानुवर्षं तिथंच अंथरुणाला खिळलेली. तिला भरवणं थांबवू द्यावं, ही पत्रकार पिंकी विराणींची याचिका सर्वोच्च न्यायालयानं फेटाळली, पण उच्च न्यायालयाच्या परवानगीनं जीवरक्षक उपचार थांबवता येतील, असंही सांगितलं. बाबांनी ती बातमी मला पुन्हा पुन्हा वाचायला लावली. मग फुटक्या आवाजात ताईंना म्हणाले, "एक सुई द्या आणि मोकळं करा. विनोबांना पवनारला कुणी अडवलं होतं?"

१९८२ साली विनोबा भाव्यांनी पवनारच्या आश्रमात अन्न, पाणी, औषध सोडून देह ठेवला होता.

"काका," ताई म्हणाल्या, "विनोबांनी स्वतःचं स्वतः थांबवलं. उद्या तुम्हाला घास नको झाला तर मी कोंबणार नाही, नळीही घालू देणार नाही. पण सुई तुम्ही माझ्या हातून मागताय. ते मला जमायचं नाही. आधी सांगा, आज दुखतंय किती?"

त्या संध्याकाळी डॉक्टरांना विचारून गोळीची मात्रा वाढवली. रात्री बाबा झोपले. पुढे एकदा त्यांनी पुन्हा सुई मागितली, तेव्हाही ताईंचं उत्तर तेच होतं. त्यांनी उपदेश कधी केला नाही आणि उठूनही गेल्या नाहीत.

शिकाऊ असताना ताईंची पाळी अरुणाच्या खोलीतही लागत असे. २७ नोव्हेंबर १९७३ च्या हल्ल्यापासून १८ मे २०१५ ला न्यूमोनियानं जाईपर्यंत केईएमच्या नर्सेसनी तिला सांभाळलं, अंगाला बेडसोर होऊ दिला नाही. ताईंना त्याचा अभिमान होता. तरी त्या म्हणत, "तिला काय हवं होतं, ते आम्हाला कधीच कळलं नाही. काका बोलू शकतात, त्यांचं ऐकायलाच हवं."

नेदरलँड्समध्ये २००२ पासून डॉक्टरांना रुग्णाच्या विनंतीवरून, कडक अटींवर, मरण देता येतं. तिथल्या डॉक्टरांना मी निर्दय म्हणणार नाही. पण वेदनेवरच्या गोळीसाठी जिथं एवढी वणवण होते, तिथं मरणाची सुई आधी सोपी करणं मला अन्याय वाटतो. माझं हे मत बाबांच्या उशाशी बसून झालेलं आहे.

२०१८ साली सर्वोच्च न्यायालयानं जीवरक्षक उपचार नाकारण्याचं आगाऊ इच्छापत्र (लिव्हिंग विल) मान्य केलं आणि २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली: दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी. मी माझं लिहून काढलं. एक साक्षीदार ताईच हव्या होत्या. त्यांनी चष्मा लावून मसुदा वाचला आणि परत माझ्यापुढे सरकवला.

"व्हेंटिलेटर नको, नळी नको, सगळं लिहिलंस. दुखणं कमी करायची औषधं शेवटपर्यंत चालू ठेवा, हे कुठंय?"

ते वाक्य मी घातलं, तेव्हाच त्यांनी सही केली.