नेरेवारचा मृत्यू आणि भांडणारी साधने

१/ बेथेस्डाचा ‘मॉरोविंड’ हा व्हिडिओ गेम २००२ साली आला. त्यातील जग संपूर्ण कल्पित. तरीही ते खरे वाटते, कारण तेथील ऐतिहासिक साधने एकमेकांशी भांडतात.

२/ प्रश्न एकच : रेड माउंटनच्या लढाईनंतर सेनानी नेरेवार कसा मेला? मंदिराचे अधिकृत कथन म्हणते, जखमांमुळे. भटक्या ॲशलँडर टोळ्यांची मौखिक परंपरा म्हणते, त्याच्याच सल्लागारांनी त्याचा खून केला. पुढे तेच देव होऊन मंदिरात बसले.

३/ दडपलेली हस्तलिखिते जपणाऱ्या पुरोहितांना मंदिर पाखंडी ठरवते. त्या देवांपैकी व्हिवेक स्वतः बोलतो, तेव्हा नेरेवारला दिलेली शपथ मोडल्याचे तेवढे मान्य करतो. त्याच्या ३६ प्रवचनांत मात्र खुनाची कबुली सांकेतिक रीतीने दडवलेली आहे.

४/ बखर आणि समकालीन पत्र शेजारी ठेवून वाचणाऱ्याला ही अडचण परिचित आहे. येथेही निवाडा देणारा निवेदक नाही. शिवाय खेळाडूला सांगितले जाते की, तोच नेरेवारचा पुनर्जन्म आहे. त्यामुळे साधनांची पारख हा त्याच्यासाठी केवळ अभ्यासाचा विषय उरत नाही. मंदिरात ज्यांची पूजा चालते, ते त्याचे जुने सोबती की मारेकरी, हे त्यालाच ठरवावे लागते.