राजीखुशीने

हिंजवडीत आयटी पार्क आलं आणि आमच्या कासारसाईच्या जमिनीचे भाव चढले. धरणाजवळच्या माळरानालाही गिऱ्हाइकं येऊ लागली. सातबाऱ्यावर बहिणींची नावं असली की व्यवहार अडतो, म्हणून घरोघर हक्कसोडपत्रं होऊ लागली. आमच्याकडेही वडिलांनी आणि काकांनी आत्याला बोलावून घेतलं.

पौडला नोंदणीसाठी निघायच्या आदल्या रात्री मी विचारलं, "आत्या, कागद वाचलास का गं?"

"भावांनी केलाय, वाचायचं काय त्यात? वारसाची नोंद आहे म्हणे."

मी दस्त मोठ्याने वाचला. शेवटी छापील वाक्य होतं: राजीखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय, हक्क कायमचा सोडत आहे. आत्या दचकली. "म्हणजे ह्यापुढं माझं काहीच नाही?"

1872च्या भारतीय करार कायद्याचं कलम 13 सांगतं की दोन्ही पक्षांनी एकच गोष्ट एकाच अर्थाने मान्य केली तरच ती संमती. इथे भावांच्या मनात हक्कसोड होती, आत्याच्या मनात वारसनोंद. कलम 14 त्यापुढे जातं. जबरदस्ती, गैरवाजवी दबाव, कपट, चुकीची माहिती किंवा चूक यांमुळे दिलेला होकार मुक्त संमती ठरत नाही. पण म्हणून दस्त दरवेळी आपोआप रद्द होत नाही. विजापूरकडच्या निंगव्वाने नवऱ्याच्या सांगण्यावरून बक्षीसपत्रावर सही केली होती. त्यात आपल्या नकळत जास्तीच्या जमिनी घातल्या, अशी तिची तक्रार होती. 1968 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की दस्त कशाचा आहे हे माहीत असून फक्त मजकुराबाबत फसवणूक झाली असेल, तर तो रद्द करवून घ्यावा लागतो. त्यासाठी फसवणूक कळल्यापासून मुदत तीन वर्षांची. तेवढ्यात जमीन तिसऱ्याच्या नावावर गेली, तर ती परत मिळवणं फार कठीण.

मी हे सगळं वडिलांसमोर मांडलं. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "तायडे, तुला काय हवंय ते तू सांग."

आत्या रडली. म्हणाली, "हिस्सा मागितला तर माहेर तुटंल, हीच भीती होती रे."

ही भीती कायद्याच्या त्या पाच शब्दांत सहज बसत नाही. कोर्टात ती सिद्ध करणं त्याहून अवघड. म्हणून ती घरातच दूर व्हायला हवी, आणि ते काम हिस्सा सोडवून घेणाऱ्या भावांचं आहे. हिंदू वारसा कायद्याच्या 2005च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला. तो मागणाऱ्या बहिणीला लोभी ठरवायचा अधिकार कोणालाच नाही.

दस्त नव्याने लिहिला. आत्याने घर आणि माळ भावांना सोडला, बागायतीतला हिस्सा ठेवला. सही करण्याआधी तिने प्रत्येक गट नंबर विचारून घेतला.

आता गावात कोणी सल्ला मागितला तर मी सांगते, मसुदा बहिणीच्या घरी आधी पाठवा, तिच्या विश्वासातल्या माणसाकडून तिला वाचून घेऊ द्या, आणि ती नाही म्हणाली तरी भाऊबीजेला तिला आवर्जून बोलवा.