पौषातील एक दिवस

पौष लागला की वैनगंगेच्या काठी सकाळ उशिरा उजाडते. धानाची कापणी व मळणी आटोपलेली असते. बांध्यांत उरलेल्या ओलीवर लाखोळी आणि जवस तरारून येतात व अंगणाअंगणांतून तणसाचे ढीग उभे राहतात. उन्हाळ्यात ज्या मुलखात पारा पंचेचाळीस अंशांच्या वर चढतो, त्याच मुलखात माणसे या दिवसांत शेकोटीजवळची जागा सोडावयास नाखूश असतात.

गडचिरोली जिल्ह्यातील आरमोरीच्या एका घरी असाच एक निवांत रविवार उगवला होता. सून अंगणात तांदूळ निवडीत होती, नात पुस्तके घेऊन उन्हात बसली होती आणि आजींच्या हातांत विणकामाच्या सुया होत्या. आजींचा मुलगा वनरक्षक. त्याची नेमणूक दूर दक्षिणेस, भामरागडच्या जंगलात. इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या तीन नद्यांचा तेथे संगम आहे. नदीचे पाणी आणि दाट झाडी यांमुळे तेथील रात्रीचा गारठा हाडांपर्यंत शिरतो. पण वनरक्षकाची गस्त थंडी पाहून थांबत नाही. उन्हाळ्यात वणवा पसरू नये म्हणून जाळरेषाही याच दिवसांत काढावयाच्या असतात. म्हणून त्याच्यासाठी हिरव्या लोकरीचा स्वेटर चालला होता. शेजारचे एक गृहस्थ दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एस.टी.ने तिकडे जाणार होते. त्यांच्या हाती तो द्यावा, असे ठरले होते.

पाठ झाली होती, पुढा झाला होता, एक बाहीही झाली होती. परंतु दुसऱ्या बाहीच्या आरंभीच लोकर संपत आली. आजींनी नातीला हाक मारली, "बाई, हा धागा दाखवून याच रंगाची लडी आण. आईला मीठ हवे आहे, तेही आण. आणि दिवस बुडायच्या आत घरी ये हो!"

ही शेवटची सूचना उगीच नव्हती. या भागात गावाच्या वेशीपर्यंत जंगल येते आणि जंगलाबरोबर वाघही येतो. बाहेरची कामे उजेडी उरकावी, ही येथील रीतच आहे.

नातीने तीन दुकाने पालथी घातली. हिरवी लोकर मिळाली. पण धागा शेजारी धरताच फरक दिसे. लोकर एका वेळी थोडी थोडी रंगवितात. एका वेळचा रंग दुसऱ्या वेळच्या रंगाशी तंतोतंत जुळत नाही, हे दुकानदाराने तिला समजावून सांगितले. परतताना रस्त्याच्या कडेला तयार स्वेटर मांडलेले दिसले. जवळच्या गोंदिया जिल्ह्यात गोठणगावाच्या बाजूस १९७२ पासून तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. आपला देश सोडून आलेल्या तिबेटी लोकांपैकी अनेकजण हिवाळ्यात लोकरीचे कपडे विकून पोट भरतात.

"आजी, तयारच स्वेटर का नाही घेत?" घरी येताच तिने विचारले.

"तयार स्वेटर चांगलाच असतो गं. पण तुझा बाबा लहानपणी झाडावरून पडला, तेव्हापासून त्याचा उजवा खांदा थोडा खाली आहे. विकणाऱ्याला ते कसे ठाऊक असणार?"

दिवेलागणीनंतर दूरचित्रवाणी संच सुरू झाला. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबईचे दूरदर्शन केंद्र निघाले, तेव्हा आजी लहान होत्या आणि त्यांच्या गावी त्याची वार्ताही नव्हती. १५ ऑगस्ट १९८२ रोजी देशात रंगीत प्रक्षेपण सुरू झाले. त्याच महिन्याच्या २६ तारखेस चंद्रपूर जिल्ह्यातून गडचिरोली हा वेगळा जिल्हा झाला. तरी आजींच्या घरी चित्रे यावयास आणखी कित्येक वर्षे लागली. तोवर हिवाळ्याची रात्र म्हणजे दंडार, नाही तर नाटक. आजही दिवाळीपासून होळीपर्यंत झाडीपट्टीत रात्र रात्र नाटके रंगतात आणि वडसा हे त्यांचे मोठे केंद्र आहे.

बातम्यांच्या अखेरीस, विदर्भात थंडीची लाट येणार असल्याचे सांगण्यात आले. सून म्हणाली, "उद्या पाणी तापवायला लाकडे जास्त काढावी लागतील." नातीने पांघरूण ओढून घेतले. आजींच्या सुया मात्र थांबल्या. क्षणभर त्या पडद्याकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी पुरी झालेली बाही हाती घेतली आणि भराभर उसवावयास सुरुवात केली.

"आजी! आठ दिवसांचे काम आहे ते!"

"एका बाहीचा स्वेटर काय कामाचा? बिनबाह्यांचा केला तर छाती आणि पाठ झाकेल; काठी घेऊन चालताना हातही मोकळे राहतील. तू गुंडा गुंडाळ."

संच बंद झाला. नात गुंडा करीत राहिली आणि आजींनी गळ्याभोवतीचे टाके उचलले. एक सुलट, एक उलट. असा काठ ताणला तरी पुन्हा मिटतो. मध्यरात्रीच्या सुमारास दोन्ही खांद्यांचे काठ पुरे झाले. पहाटे वर्तमानपत्रात बांधलेला स्वेटर एस.टी.त बसला आणि गडचिरोली, आष्टी, आलापल्लीच्या वाटेला लागला.

उसवलेल्या लोकरीतून एक गुंडा उरला होता.

"यात कानटोपी होईल?" नातीने विचारले.

"होईल की. सुया तू घे."

"किती टाके घालू?"

"आधी बाबाच्या डोक्याचे माप सांग."

नात गप्प राहिली. ज्या डोक्यावर ती लहानपणी खांद्यावर बसून कितीदा हात टेकीत असे, त्याचे माप तिला सांगता येईना. मग ती उठली आणि खुंटीवरची बाबांची जुनी टोपी काढून आणली.