‘आय ॲम हॅविंग’ची कैफियत

‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ हे वाक्य इतकं बदनाम झालंय की त्याच्यावर दोनच शेरे मारले जातात. एक, ‘हॅव’ला आयएनजी लावायचं नाही, पाठ करून टाका. दुसरा, तुम्ही विचार मराठीत करता आणि उतरवता इंग्रजीत, म्हणून असं होतं. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांचे निबंध आणि नोकरीचे अर्ज माझ्या हाताखालून सतत जात असतात, आणि ते वाचून माझं मत असं झालंय की पहिला शेरा अर्धवट आहे आणि दुसरा, निदान ज्या सुरात तो मारला जातो त्या सुरात, चूक आहे. मराठीतून शब्दाला शब्द ठेवून हे वाक्य येऊच शकत नाही. आपण ‘मला दोन भाऊ आहेत’ म्हणतो. ‘मला दोन भाऊ असत आहेत’ असं कुणी म्हणत नाही. मुळात ‘हॅव’च्या तोडीचं क्रियापदच मराठीत नाही. तर्खडकरी वळणाने एकेका वाक्याचं भाषांतर करत इंग्रजी शिकलेल्या पिढ्यांनीही ही जागा ‘असणे’वरच भागवली. मग ते ‘हॅविंग’ आलं कुठून?

माझ्या मते ते व्याकरणाच्या तासातूनच आलं. साधा वर्तमानकाळ आपल्याला शिकवतात तो सवयीचा आणि त्रिकालाबाधित सत्याचा: मी रोज शाळेत जातो, सूर्य पूर्वेला उगवतो. आत्ता जे चाललंय ते चालू वर्तमानकाळात. इकडे मराठीत ‘असणे’ची दोन रूपं आहेत आणि त्यांत आपली कधी गफलत होत नाही. ‘माझ्याकडे गाडी आहे’ म्हणजे या घडीला आहे. ‘शनिवारी माझ्याकडे गाडी असते’ म्हणजे एरवी नसली तरी शनिवारी हमखास. शाळेतल्या नियमाशी ताडून पाहा: साधा वर्तमानकाळ ‘असते’च्या वाट्याला जातो आणि ‘आहे’साठी उरतो तो चालू वर्तमानकाळ. ‘आय हॅव अ कार’ म्हणताना मूल कचरतं, कारण कानाला ते ‘असते’सारखं लागतं. म्हणजे ‘ॲम हॅविंग’ हे नियम मोडून नव्हे, शिकवलेला नियम इमानेइतबारे पाळून निघालेलं रूप आहे. भूतकाळातही हेच दिसतं. ‘माझ्याकडे सायकल होती’ याचं ‘आय वॉज हॅविंग अ सायकल’ होतं, पण ‘असायची’ म्हणायचं असेल तर ‘युज्ड टू हॅव’ पुष्कळदा बिनचूक येतं. चूक नुसत्या निष्काळजीपणाची असती तर ती अशी जागा बघून पडली नसती. यावर कुणी म्हणेल की ‘ॲम हॅविंग’ देशभर ऐकू येतं, त्याचं खापर एकट्या मराठीवर का? ते मी फोडतही नाही. हिंदीत ‘है’ आणि ‘होता है’ आहेत, कन्नडमध्ये ‘इदे’ आणि ‘इरुत्तदे’. शिवाय आपण इंग्रजी साहेबाकडून शिकत नाही, एकमेकांकडून शिकतो. एका वर्गातलं रूप दुसऱ्या वर्गात जायला प्रांताची वेस आड येत नाही.

याहून वजनदार आक्षेप असा की भारतीय इंग्रजी ही आता आपल्या हक्काची बोली आहे, तिला लंडनच्या मापाने का मोजायचं? निसिम इझिकेल 1924 साली मुंबईत जन्मले, मराठी ही ज्यांची मातृभाषा त्या बेने इस्रायल समाजातले. त्यांनी हीच ‘आयएनजी’वाली बोली कवितेत आणली, आणि त्या कविता आज अभ्यासक्रमात आहेत. बोलीचा मान मला मान्य आहे, आणि शुद्धतेच्या नावाने नाक मुरडणाऱ्यांशी माझं जमतही नाही. पण इथे प्रश्न अर्थाचा आहे. इंग्रजीत ‘हॅविंग’ अगदी बिनधास्त चालतं, फक्त तिथे ‘हॅव’ मालकी सांगत नाही, घडामोड सांगतो: जेवण चाललंय, अंघोळ चाललीय, अडचण येतेय. ‘शी इज हॅविंग अ बेबी’ म्हणजे तिला बाळ होणार आहे. आता ‘शी इज हॅविंग टू सन्स’ हे वाक्य परदेशातल्या एखाद्या कचेरीत अर्जावर गेलं, की वाचणाऱ्याला जुळ्यांची चाहूल लागते. म्हणूनच ‘आयएनजी लावू नका’ हा नियम अर्धवट. ‘असणं’ सांगायचंय की ‘चालणं’, हे आधी विचारायला शिकवलं तर नियम पाठ करावा लागत नाही, आणि ‘वुई आर हॅविंग लंच’ म्हणतानाही मूल उगाच अडखळत नाही.

मराठीची अडचण गरिबीची नाही, श्रीमंतीची आहे. नातं असेल तर ‘मला’: मला दोन भाऊ आहेत. वस्तू असेल तर ‘माझ्याकडे’. ‘माझ्याकडे दोन भाऊ आहेत’ म्हटलं तर ते माझ्या घरी राहायला आलेत असं वाटतं, तेही कदाचित दुसऱ्याच कुणाचे. खिशातलं असेल तर ‘जवळ’, गुण असेल तर ‘त्याच्यात धमक आहे’. इंग्रजीत या सगळ्यांना एकच ‘हॅव’ पुरतो. गंमत म्हणजे जिथे बारकावा हवा तिथे इंग्रजीही पुढे एखादा छोटा शब्द जोडते. ‘पैसे आहेत, पण आत्ता जवळ नाहीत’ यातलं ‘जवळ’ म्हणजे ‘ऑन मी’: आय हॅव नो मनी ऑन मी. हे पाठ्यपुस्तकात क्वचित सापडतं आणि बाजारात रोज लागतं.

एरिक फ्रॉम यांनी ‘टु हॅव ऑर टु बी?’ या 1976 सालच्या पुस्तकात असं सुचवलंय की ‘हॅव’सारखं क्रियापद भाषेत येतं ते खासगी मालमत्तेच्या वाढीबरोबर. वाचायला छान आहे, पण मराठी माणसाने यावर हसावं. ज्या भाषेत मालकी, ताबा, वहिवाट, भोगवटा, कूळ, गहाण असे शब्द बांधाबांधावर चालतात, तिथे ‘हॅव’ नाही म्हणून मालमत्ता नाही असं कोण म्हणेल? सातबारा काढा. भोगवटादाराचं नाव एका रकान्यात, कुळाचं दुसरीकडे, इतर अधिकार आणखी वेगळे. ‘ओन’ आणि ‘पझेस’ हा फरक शिकवायला यापरतं पुस्तक नाही. ‘ओन’ म्हणजे मालकी, ‘पझेशन’ म्हणजे ताबा, आणि दोन्ही एकाच्याच हाती असतील असं नाही. स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट, 1963 च्या कलम 6 नुसार बेकायदा हुसकावलेल्या माणसाला सहा महिन्यांच्या आत दावा लावून स्थावराचा ताबा परत मागता येतो, आणि त्यासाठी त्याला मालकी सिद्ध करावी लागत नाही. पुण्या-मुंबईत तर ‘पझेशन’ हा मराठी शब्दच झालाय. ‘पझेशन मिळालं, कन्व्हेयन्स अजून नाही’ हे रडगाणं शेकडो सोसायट्यांचं आहे: फ्लॅटमध्ये लोक नांदतात, खालची जमीन कागदावर बिल्डरची नाहीतर मूळ मालकाची. ही माणसं ‘पझेस’चा अर्थ शब्दकोश न उघडता जाणतात. तरी अर्जात ‘आय पझेस अ मोबाइल’ लिहितात, कारण शब्द भारदस्त वाटतो. रोजच्या वस्तूला ‘हॅव’ पुरे. ‘पझेस’ अंगच्या गुणांना शोभतो, नाहीतर पोलिसांच्या पंचनाम्यात.

उरला ‘बिलाँग’. तो खरं तर आपल्या सगळ्यात जवळचा, कारण त्यात वस्तू कर्ता होते: ‘हे शेत माझं आहे’ तसंच ‘धिस लँड बिलाँग्ज टू मी’. तरी ‘इज बिलाँगिंग’ होतंच, त्याच ‘आहे’मुळे. कधी ‘इज बिलाँग्ड टू’ही दिसतं, ते ‘इज ओन्ड बाय’च्या नादाने. ‘ओन’चा कर्मणी प्रयोग होतो, ‘बिलाँग’चा होत नाही, आणि मालकीच्या अर्थी ‘हॅव’चाही नाही. ‘हॅव गॉट’वरून मात्र मी कुणाचे गुण कापत नाही. ‘हॅव यू गॉट’ ब्रिटिशांचं, ‘डू यू हॅव’ अमेरिकेतून पसरलेलं, आणि त्याही आधीची चाल, नुसतं ‘हॅव यू’, आपल्या बालवाडीतली पोरं ‘बा बा ब्लॅक शीप’मध्ये अजून रोज म्हणतात.