तुरटीचा खडा

कांहीं दोष मोठे प्रामाणिक असतात. दारांत पाऊल टाकतांच ते आपलें नांव सांगतात. पावसाळ्यांतील गढूळ पाणी हा त्यांतलाच एक दोष होय. तें पाहून कोणी फसत नाहीं. लहान मूलसुद्धां पेला दूर लोटतें.

मुळशी तालुक्यांतील कोळवणला, आत्याच्या घरीं, ऐन श्रावणांत राहण्याचा योग मला अनेकदां आला. चोहों बाजूंच्या डोंगरांवरून तांबूस मातीचे लोट वळकी नदींत उतरत, आणि घरांतल्या हंड्यांतील पाणी चहाच्या रंगाशीं स्पर्धा करूं लागे. आत्या मात्र निर्विकार! तुरटीचा खडा पाण्यांत चारदोन वेळां फिरवायचा, हंड्यावर झांकण ठेवायचें, आणि स्वस्थपणें भाकऱ्या थापायला बसायचें. कांहीं वेळानें पाहावें, तों वर नितळ पाणी आणि तळाशीं चिखलाचा थर!

"आत्या, एवढी माती गेली कुठें ग?" मीं एकदां विचारलें.

"अरे, माती कुठें जाते? ती खालीं बसते. म्हणून तर हंडा हलवूं नकोस म्हणतें."

रसायनशास्त्र याहून फारसें निराळें सांगत नाहीं. मातीच्या सूक्ष्म कणांवर ऋण विद्युद्भार असतो. त्यामुळें वाटणीवरून भांडलेल्या भावांप्रमाणें ते एकमेकांस दूर लोटीत राहतात आणि तळाशीं बसत नाहींत. तुरटी हा ॲल्युमिनियम व पोटॅशियम या धातूंचा क्षार. त्यांतील ॲल्युमिनियम कणांचें हें वैर मिटवितें आणि पाण्यांत पिंजलेल्या कापसासारखे पुंजके धरतें. वाटेंत भेटेल त्याला कवटाळीत ते पुंजके तळ गांठतात.

पण या पुंजक्यांची मिठी मातीपुरतीच नसते. रंग, वास, चव यांपैकीं कांहींहि नसलेला, पाण्यांत पूर्ण विरघळलेला सोमलहि तींत सांपडतो. लोखंडाच्या क्षारांचे पुंजके तर या कामीं अधिकच तरबेज. १८३४ सालीं जर्मनींत बुन्सेन आणि बर्टहोल्ड यांनीं पोटांत गेलेल्या सोमलावर उतारा म्हणून ताजें लोह-हायड्रॉक्साइड सुचविलें, तें याच गुणामुळें. आज पाण्यांतील सोमल काढण्यासाठीं फेरिक क्लोराइड वापरतात, त्याचेंहि मर्म हेंच.

कोळवणला आत्याचें वैर मातीशीं होतें. सोमलाचें मोठें ठाणें दूर, बंगालच्या गाळाच्या प्रदेशांत. तेथें तळ्यांच्या पाण्यानें पटकी आणि हगवण होई, म्हणून गांवोगांव कूपनलिका खणल्या गेल्या. पाणी आरशासारखें स्वच्छ आलें. आयांनीं मुलांना तळ्यावरून नळाकडे नेलें. त्यांच्या मायेंत उणें नव्हतें कीं नजरेंत! परंतु १९८३ सालीं कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधील डॉ. के. सी. साहा यांनीं रुग्णांच्या अंगावरचे डाग आणि तळहातांवरच्या खरखरीत गांठी ओळखल्या. त्या सोमलाच्या होत्या. १९९९ सालीं तर गडचिरोलीच्या शेजारीं, आजच्या छत्तीसगडांतील कौडीकसा गांवाच्या पाण्यांतहि सोमल असल्याचें प्रसिद्ध झालें.

बांगलादेशांत यावर दोन बादल्यांचा घरगुती उपाय निघाला. पहिल्या बादलींत ॲल्युमिनियमचा क्षार आणि किंचित् पोटॅशियम परमँगनेट घालून पाणी ढवळावयाचें व निवळूं द्यावयाचें. मग दुसऱ्या बादलींतील वाळूंतून तें गाळावयाचें. परमँगनेट कशाला? भूगर्भांतील सोमलाच्या एका रूपावर विद्युद्भारच नसतो, त्यामुळें तें पुंजक्यांच्या हातीं लागत नाहीं. परमँगनेट त्याचें रूप पालटतें, आणि मग तें सांपडतें. सोमल मात्र नष्ट होत नाहीं. तो तळच्या गाळांत असतो, आणि तो गाळ विहिरीच्या कडेला टाकला तर सारा खटाटोप व्यर्थ.

कोळवणच्या हंड्यांत काम झालें कीं नाहीं हें डोळे सांगतात. सोमलाच्या पाण्यांत मात्र डोळ्यांची साक्ष निरुपयोगी. आरंभीं तें जितकें नितळ, तितकेंच शेवटीं. जागतिक आरोग्य संघटनेनें १९९३ सालीं घालून दिलेली मर्यादा लिटरला दहा मायक्रोग्रॅमची आहे. म्हणजे एक लाख लिटर पाण्यांत अवघा एक ग्रॅम! ती ओलांडली कीं नाहीं हें प्रयोगशाळेवांचून कळावयाचें नाहीं. उकळण्याचाहि उपयोग नाहीं. पटकीचे जंतु उकळीनें मरतात, पण सोमल तसाच राहतो, आणि पाणी आटलें म्हणजे त्याचें प्रमाण उलट वाढतें.

म्हणून पेला उजेडापुढें धरून, "किती स्वच्छ पाणी लागलें आहे आमच्या बोअरला!" असें कोणी कौतुकानें म्हणूं लागला, कीं मी त्याच्या आनंदावर विरजण घालीत नाहीं, तें पाणी एकदां तपासून घेतलें आहे का, एवढेंच विचारतों. गढूळ पाण्याबद्दल असा प्रश्न करावा लागत नाहीं. तें बिचारें आपण होऊनच तुरटी मागतें.