टी-ठोकळा

‘हॉबीज’ हा रकाना प्रत्येक फॉर्मवर असतो. सगळे जण त्यात ‘रीडिंग, म्युझिक’ लिहितात आणि खरी हॉबी रात्री दोन वाजता मोबाईलवर उघडतात. माझी खरी हॉबी टेट्रिस. विंगमधले बाकीचे बंदुका घेऊन बेटावर उतरतात, मी आपला ठोकळे रचतो. ‘काय लहान पोरांचा गेम खेळतोस!’ हे रोजचं झालंय. ज्यांच्या घरी जत्रेतून आणलेला, सेलवर चालणारा ब्रिक गेम होता, ते मात्र असं म्हणत नाहीत.

तर मित्रांनो, थोडा इतिहास (पेपरात येणार नाही, घाबरू नका). हा गेम 1984 साली मॉस्कोत जन्मला. अलेक्सेई पाजितनोव हा तिथल्या सायन्स अकादमीच्या कॉम्प्युटर सेंटरमध्ये नोकरीला होता. पेंटोमिनो नावाचं कोडं त्याला फार आवडायचं. त्यात पाच-पाच चौकोनांचे बारा तुकडे असतात. पठ्ठ्याने सोपं करून चार-चार चौकोनांचे सात तुकडे घेतले. त्याच्या ‘इलेक्ट्रोनिका 60’ मशीनला ग्राफिक्स नव्हतेच, म्हणून त्याने ठोकळे चक्क कंसांनी काढले! आणि आपण ग्राफिक्स कार्ड नाही म्हणून रडतो. 1989 मध्ये गेमबॉयबरोबर टेट्रिस जगभर पोचला, पण हक्क सोव्हिएत सरकारकडे असल्यामुळे पाजितनोवला रॉयल्टी मिळायला 1996 उजाडलं.

असो. सांगायचं होतं ते वेगळंच. फर्स्ट इयरला माझा रूम पार्टनर बीड जिल्ह्यातल्या एका खेड्यातून आला होता. शिक्षण मराठी मीडियम. सर ‘एनी डाउट्स?’ म्हणाले की याच्या पोटात गोळा. दिवाळीच्या आधी त्याने ट्रंक भरली. ‘नापास झालो तर चालंल, पण काय कळंना अन् नुसती मान हलवायची, हे आपल्याला जमंना.’ गाडी सकाळची होती. त्याला काय बोलावं ते मला सुचेना. कॉन्व्हेंटच्या मराठीत धीर देता येत नाही हो!

मी त्या वेळी जुन्या ड्रॉइंग शीटमधून सातही ठोकळे कापून 4 × 7 चा आयत जुळवायच्या मागे होतो. सात चोक अठ्ठावीस, म्हणजे जमायलाच हवं. आठवडा झाला तरी जमेना. झोप येत नव्हती म्हणून तो माझ्याजवळ येऊन बसला. थोडा वेळ बघत राहिला, मग पेन्सिल घेऊन चौकोन बुद्धिबळाच्या पटासारखे काळे-पांढरे केले.

‘हे बघ. सहा ठोकळे दोन काळे, दोन पांढरे झाकतेत. तुझा हा टी तीन-एक झाकतो. आयतात चौदा-चौदा पाहिजेत, हितं होतेत पंधरा-तेरा. जन्मात व्हायचं नाय.’

मी गार! ‘मग?’

‘अजून एक सेट काप. दुसरा टी उलटा बसला की हिशोब मिटतो.’

सकाळपर्यंत आम्ही चौदा ठोकळ्यांचा 7 × 8 चा आयत भरला. गाडी गेली. ज्याला गणित इतकं स्वच्छ दिसतं, त्याला ‘काय कळंना’ कसं? अडलं होतं ते फक्त इंग्रजीपाशी. तेव्हापासून रोज जेवणानंतर तासभर मी त्याला लेक्चर मराठीत सांगतो आणि तो मला ते गणितात समजावून देतो. मला ‘छेद’ म्हणजे फक्त भोक वाटायचं, तो डिनॉमिनेटर निघाला! एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांत माझा अजूनही घोळ होतो, मग तो पोट धरून हसतो.

होस्टेलमध्ये प्रत्येक विंगला एखादा टी असतो. कुठेच नीट न बसणारा, मेसमध्ये कोपऱ्यातल्या टेबलावर एकटा जेवणारा. त्याला फिरवून फिरवून चौकटीत कोंबू नका. गणित सांगतं की जमायचं नाही. दुसरा टी शोधा. बहुतेक वेळा तो शेजारच्याच कॉटवर असतो आणि बऱ्याचदा तो आपणच असतो.

ट्रंक अजून आमच्या रूममध्येच आहे. सध्या तिच्यात शेंगदाण्याचे लाडू आहेत. कुलूप मात्र लावलेलं असतं, तेव्हा विंगवाल्यांनी आशा सोडावी!